सुपरमॅनचे माप

विज्ञानकथेच्या चाहत्याची तीन लक्षणे जगभर मान्य आहेत. पडद्यावरची गोष्ट संपली तरी त्याचे पोट भरत नाही, म्हणून तो त्याच गोष्टीवर बेतलेल्या, तिला मागेपुढे वाढवणाऱ्या कादंबऱ्या वाचतो. वाचून झाल्यावर त्याच कादंबऱ्या वाचलेली माणसे तो शोधून काढतो आणि कोणत्या ग्रहावर गुरुत्वाकर्षण किती, या प्रश्नावरून त्यांच्याशी बोलणे तोडतो. हा कार्यक्रम तारीख ठरवून, मंडप घालून केला की त्याला संमेलन म्हणतात. तिसरे लक्षण असे की या संमेलनाला तो घरच्या कपड्यांत जात नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत यांपैकी पहिले लक्षण क्षीण, दुसरे अधूनमधून उमटणारे आणि तिसरे मात्र इतके जुने व जोमदार आहे, की पहिली दोन नसली तरी निदान चुकू नये.

पडद्यावरून कागदावर उतरलेल्या कादंबऱ्यांचा धंदा अमेरिकेत मोठा झाला. सुपरमॅन १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला आणि चारच वर्षांनी, १९४२ साली, जॉर्ज लोथर या रेडिओ-लेखकाने त्याच्यावर अख्खी कादंबरी लिहिली. क्रिप्टॉन ग्रहावरून आलेल्या या बाळाला वाढवणाऱ्या शेतकरी जोडप्याची नावे लोथरने एबेन आणि सारा अशी ठेवली. पुढे कॉमिक्समध्ये जोनाथन आणि मार्था ही नावे रूढ झाली. आता यांतले खरे आईबाप कोणते, हा प्रश्न तिकडे गंभीरपणे चर्चिला जातो. ‘स्टार वॉर्स’च्या बाबतीत तर लग्नाआधी बारसे झाले. कादंबरी १९७६ च्या अखेरीस दुकानात आली आणि सिनेमा मे १९७७ मध्ये. मुखपृष्ठावर नाव दिग्दर्शक जॉर्ज लुकासचे होते, लिहिणारा होता ॲलन डीन फॉस्टर. त्यानंतर या एका सिनेमाच्या पोटातून इतक्या कादंबऱ्या निघाल्या, की मूळ सिनेमात दारूच्या गुत्त्यात पाठमोरा बसलेल्या गिऱ्हाइकालाही स्वतःचे चरित्र मिळाले.

मराठीत या प्रकाराने मूळ धरले नाही. याला वाचकांची उदासीनता कारणीभूत नसून गाण्यांची चोपडी कारणीभूत आहे. थिएटरच्या दारात आणि यात्रेतल्या तंबू टॉकीजबाहेर काही आण्यांना मिळणाऱ्या या पातळ चोपडीत गाणी असत, नटनट्यांची नावे असत आणि पहिल्या पानावर ‘कथासार’ असे. अमेरिकन कादंबरी सिनेमापेक्षा जास्त सांगण्याचे वचन देई. कथासार कमी सांगण्याचे वचन देई आणि ते कसोशीने पाळी. नायिका डोंगराच्या कड्यावर, खलनायक दोन हात अंतरावर, नायक अजून तुरुंगात, अशा ठिकाणी मजकूर थांबे आणि पुढचे रुपेरी पडद्यावर पाहावे अशी सूचना येई. ज्याच्याकडे चोपडीचे पैसे होते पण तिकिटाचे नव्हते, त्याला शेवट स्वतः रचावा लागे. यात्रेवरून बैलगाडीने परत येताना रचलेले असे शेवट कोणी लिहून ठेवले असते, तर खानदेशचे नाव या क्षेत्रात फार आधी झाले असते.

विज्ञानकथा आली ती वाचनालयांतून. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि चंद्रावरची स्वारी, समुद्राच्या तळाची सफर या गोष्टी जळगावच्या व. वा. वाचनालयापासून तालुक्याच्या गावातल्या एका कपाटाच्या ग्रंथालयापर्यंत पोचल्या. नारायण धारपांनी भुते आणि परग्रहवासी एकाच हाताने लिहिल्यामुळे अनेक वाचकांच्या मनात या दोन जमातींची सरमिसळ झाली, ती अजून पुरती सुटलेली नाही. दिवाळी अंकांपैकी ‘नवल’ आणि ‘धनंजय’ हे अंक या वाचकांत विशेष फिरत. फिरत म्हणजे खरोखर फिरत, आणि परत येताना त्यांचे शेवटचे पान गळालेले असे. गाण्यांच्या चोपडीने लावलेली सवय इथे कामी येई.

१९९७ ते २००५ या काळात दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ ही मालिका चालली आणि खानदेशातील चाहतेगिरीने एक वेगळीच उंची गाठली. त्याचे श्रेय निम्मे शक्तिमान साकारणाऱ्या मुकेश खन्ना यांना आणि निम्मे वीज मंडळाला द्यावे लागेल. भारनियमनाचे वेळापत्रक आणि शक्तिमानचे वेळापत्रक यांची गाठ पडली, की नायक हात उंचावून गरगर फिरायला लागलेला असतानाच पडदा काळा होई. सोमवारी वर्गात चौकशी होई तेव्हा निम्म्या मुलांनी तो भाग पाहिलेला नसे आणि उरलेल्या निम्म्यांनीही पाहिलेला नसे, कारण फिडर एकच. तरीही मधल्या सुट्टीपर्यंत तो भाग सविस्तर सांगून झालेला असे. ज्याचे मामा नाशिकला राहत त्याच्या आवृत्तीला प्रमाण मानले जाई, मग मामांकडे त्या दिवशी टीव्ही चालू होता की नाही हे कोणी विचारत नसे. अमेरिकेत ज्या कामासाठी प्रकाशक लेखकाला आगाऊ मानधन देत, ते काम इथे पाचवी-सहावीची मुले दोन बोरांच्या मोबदल्यात करीत होती.

हे सगळे अलीकडचे म्हणून कमी लेखू नये. या प्रदेशातला चाहतेगिरीचा सर्वांत जुना लेखी पुरावा आठशे वर्षांहून जुना आहे आणि तो दगडावर आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे इ.स. १२०७ चा एक शिलालेख सापडला. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाडांनी तो अभ्यासकांपुढे आणला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ लोकांनी वाचत राहावेत म्हणून त्याने एक मठ उभा केला आणि निकुंभ घराण्यातील स्थानिक अधिपतींनी त्याला देणग्या दिल्या, असे हा लेख सांगतो. एकाच लेखकाच्या पुस्तकांना वाहिलेली संस्था, तिचे कायमचे ठिकाण आणि आश्रयदात्यांची ठळक नावे, एवढे साहित्य असल्यावर तिला वाचक मंडळ म्हणायला हरकत नसावी. लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे आणि मठासाठी बाजारातून कोणत्या मालामागे काय द्यायचे याची तरतूद त्यात आहे. संस्कृतात गौरव आणि मराठीत वर्गणी, ही विभागणी पुढे अनेक संस्थांनी चालू ठेवली.

भास्कराचार्यांच्या वाट्याला पुरवणी कथाही आली. ‘लीलावती’ या ग्रंथाचे नाव मुलीवरून पडले आणि तिच्या लग्नाची घटिका पाण्याच्या घड्याळात मोती अडकल्यामुळे चुकली, ही गोष्ट सर्वांना माहीत असते. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती नाही. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली या ग्रंथाचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ती भेटते. मूळ लेखकाने गणिते घातली आणि चार शतकांनंतरच्या चाहत्याने नायिका, लग्न आणि दुर्दैवी अपघात घातला. आज गणिते कोणाला आठवत नाहीत, मोती सगळ्यांना आठवतो. पडद्यावरून कादंबरी करणाऱ्या मंडळींनी फैजीची तसबीर लावायला हवी.

संमेलनांची हकीकत थोडक्यात आटोपता येते, कारण जेवणाची रांग आणि अध्यक्षीय भाषण यांत जगात कुठेही फार फरक पडत नाही. पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन २ ते ४ जुलै १९३९ ला न्यूयॉर्कमध्ये भरले. उपस्थिती दोनशेच्या आसपास होती, तरी नाव ‘जागतिक’ ठेवले, कारण त्या वर्षी शहरात जागतिक जत्रा चालू होती आणि विशेषण आयते मिळाले. पहिल्याच दिवशी आयोजकांनी विरोधी गटातल्या सहा जणांना दारातच अडवले. त्यांत पुढे नामांकित झालेले डोनाल्ड वॉलहाइम, फ्रेडरिक पोल आणि सिरिल कॉर्नब्लुथ होते. त्याच गटातला आयझॅक ॲसिमॉव्ह मात्र आत शिरला आणि त्याची चुटपुट त्याला पुढे कैक वर्षे लागून राहिली.

खानदेशाला संमेलनांचा अनुभव याहून जुना आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जळगावला १९३६ साली माधव जूलियनांच्या अध्यक्षतेखाली भरले, म्हणजे न्यूयॉर्कच्या तीन वर्षे आधी. धुळ्याला १९४४ साली मामा वरेरकर अध्यक्ष होते, अमळनेरला १९५२ साली कृ. पां. कुलकर्णी, पुन्हा जळगावला १९८४ साली शंकरराव खरात आणि पुन्हा अमळनेरला फेब्रुवारी २०२४ मध्ये रवींद्र शोभणे. अमळनेरच्या या शेवटच्या संमेलनाच्या दिवसांतच त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरले. दोन्हींची भूमिका वेगळी आणि वाद खरा असला, तरी एका तालुक्याच्या गावाने दोन संमेलनांना जागा, वीज आणि भरीत पुरवले. न्यूयॉर्कला १९३९ साली एकाच मंडपात सहा माणसे जास्त होत होती, हे लक्षात घेता अमळनेरचे संयोजनकौशल्य उजवे ठरते.

अमळनेर हे परग्रहप्रेमींसाठी आणखी एका कारणाने महत्त्वाचे स्थळ आहे. तिथे मंगळ ग्रहाचे मंदिर आहे आणि मंगळवारी दर्शनाला मोठी गर्दी होते. मंगळावर माणूस पाठवण्याच्या योजना अमेरिकेत गेली कित्येक दशके ‘पुढच्या वीस वर्षांत’ या टप्प्यावर आहेत. सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी अमळनेरला थांबते आणि स्टेशनबाहेर रिक्षा मिळते. दोन प्रकल्पांची उद्दिष्टे वेगळी आहेत हे खरे. एकीकडे माणूस मंगळाला जातो, तर दुसरीकडे पत्रिकेतला मंगळ माणसाला सोडून जावा अशी अपेक्षा असते. विज्ञानकथेचा चाहता आणि उपवर मुलाचे वडील शेजारी शेजारी उभे राहून एकाच ग्रहाचा गांभीर्याने विचार करीत आहेत, असे दृश्य दुसरीकडे सहसा मिळणार नाही.

साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत विज्ञानकथा पोचली ती जयंत नारळीकरांमुळे, आणि तीही शेजारच्या नाशिकला, डिसेंबर २०२१ मध्ये. प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष येता आले नाही. अध्यक्ष एका गावी आणि अध्यक्षपद दुसऱ्या गावी, ही अवस्था या साहित्यप्रकाराला शोभण्यासारखीच होती. त्यांचा या क्षेत्रातला प्रवेशही तितकाच नाट्यमय होता. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेने बक्षीस मिळवले, तेव्हा कथेवर नाव होते नारायण विनायक जगताप. नारळीकरांची आद्याक्षरे उलटी फिरवून हे गृहस्थ तयार झाले होते. सुपरमॅन दिवसा क्लार्क केंट नावाचा बुजरा बातमीदार होऊन वावरतो, त्या धर्तीवर जगविख्यात खगोलशास्त्रज्ञाने जगताप होऊन टपालाच्या पेटीकडे जाणे, हा मराठीतला गुप्त ओळखीचा उत्तम नमुना आहे. फक्त यासाठी चष्मा काढावा लागला नाही.

आता तिसरे लक्षण. न्यूयॉर्कच्या त्या पहिल्या संमेलनाला फॉरेस्ट ॲकरमन हा तरुण हिरवा झगा आणि फुगीर विजार घालून आला. त्याचा आणि स्वतःचा पोशाख मर्टल डग्लस हिने शिवला होता, भविष्यकाळातली माणसे काय घालतील याचा अंदाज बांधून. इतिहासात कौतुक ॲकरमनचे जास्त झाले आणि शिवणारीचे कमी. हा नियम खानदेशातही तंतोतंत पाळला जातो.

वेषांतराला या भागात नवे काहीच नाही. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीच्या पट्ट्यात आणि लगतच्या बागलाणात भोवाड्याची परंपरा आहे. देव, राक्षस, प्राणी यांचे मोठाले मुखवटे चढवून रात्रभर सोंगे नाचवली जातात आणि मुखवट्याचे वजन मानेला सोसवेनासे झाले तरी ताल चुकत नाही. बहुरूपी तर दारात येऊन पोलिसाच्या वेषात घरधन्याला दरडावून जाई आणि त्याबद्दल त्याला पायलीभर धान्य मिळे. जपान-अमेरिकेत हौसेखातर खर्च करून जे केले जाते, ते इथे करणाऱ्यालाच मोबदला मिळे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने खानदेशी पद्धत अधिक सुदृढ म्हणावी लागेल.

आजचे या परंपरेचे केंद्र म्हणजे शाळेचे गॅदरिंग आणि तिचे भांडारगृह म्हणजे ड्रेपरीवाल्याचे दुकान. ड्रेपरीवाल्याच्या कपाटात जे आहे तेवढेच विश्व, असा या शास्त्राचा मूळ सिद्धान्त आहे. शिवाजी महाराज सहा मापांत मिळतात, कृष्ण चार मापांत, झाशीची राणी तलवारीसह किंवा तलवारीशिवाय. फळे-भाज्यांमध्ये जळगावकडे केळीला मान आहे. परग्रहवासीयांसाठी वेगळा कप्पा नसतो. स्पायडरमॅन एकच असतो, त्याच्या गुडघ्याला रफू असते आणि तो २६ जानेवारीसाठी डिसेंबरातच कोणीतरी सांगून ठेवलेला असतो. मग ‘अंतराळातला कोणीही चालेल’ म्हणून आलेल्या पालकाला दुकानदार शांतपणे यमाचा पोशाख दाखवतो आणि गदा काढून टाकली की काम होईल असे सुचवतो. यम हा दुसऱ्या लोकातून येतो, काळा पोशाख घालतो, शिरस्त्राण वापरतो आणि त्याचा आवाज भारदस्त असतो. ‘स्टार वॉर्स’मधल्या डार्थ व्हेडरची व्याख्या याहून वेगळी करता येत नाही.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्रावर उतरले आणि या क्षेत्रात नव्या मालाची भर पडली. विक्रम लँडरचे सोंग करण्यास कूलरचा खोका उत्तम. खानदेशात उन्हाळ्यानंतर कूलरच्या खोक्यांचा तुटवडा नसतो, त्यामुळे त्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये एकेका वर्गातून अनेक लँडर उतरले. खोक्याला बेगड चिकटवायची, चार बाजूंना पाय म्हणून प्लॅस्टिकचे पाइप लावायचे आणि आत दुसरीतला मुलगा सोडायचा. पाय चारच असल्याने आणि मुलाचे दोन वेगळे असल्याने हे यान एकूण सहा पायांवर रंगमंचावर येई. उतरण्याच्या वेगावर नियंत्रण ठेवणे इथेही अवघड जाई. याउलट सर्वांत सोपा आणि सर्वांत अचूक पोशाख इस्रोच्या महिला शास्त्रज्ञांचा: आईची रेशमी साडी, गजरा आणि गळ्यात ओळखपत्र. २०१४ साली मंगळयान कक्षेत पोचल्यावरच्या छायाचित्रांनी हा पोशाख प्रमाणित केला आहे. विज्ञानकथेतल्या नायिकांना चंदेरी घट्ट कपडे घालणाऱ्या चित्रकारांना मंगळापर्यंत साडीत जाता येते हे सुचले नव्हते.

पोशाखाचा हवामानाशी संबंध परदेशी ग्रंथांत दुर्लक्षित राहिला आहे. १९९७ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘५०१वी लीजन’ या हौशी संघटनेचे सभासद पांढऱ्या प्लॅस्टिकचे चिलखत अंगभर चढवून ‘स्टार वॉर्स’मधल्या साम्राज्याचे सैनिक होतात. हे चिलखत जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात चढवायचे झाल्यास पारा ४५ अंशांच्या आसपास किंवा वर असतो हे ध्यानात घ्यावे. डार्थ व्हेडरच्या मुखवट्यातून येणारा घरघरता श्वास मूळ सिनेमात यंत्राने तयार करावा लागला. भुसावळला दुपारी बारा वाजता तो नैसर्गिकरीत्या निघेल. म्हणूनच खानदेशात सोंगे रात्रीची आणि गॅदरिंग हिवाळ्यातले. अंगावर उपरणे, डोक्याला ओला रुमाल आणि डोळ्यांवर काळा चष्मा या वेषात उन्हातून जाणारा दुचाकीस्वार वाळवंटी ग्रहावरच्या कोणत्याही पात्राशी तोडीस तोड दिसतो, पण त्याला त्याची कल्पना नसते आणि बक्षीसही मिळत नाही.

भारतातली कॉमिक कॉन २०११ च्या फेब्रुवारीत दिल्लीत सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत आली. खानदेशातल्या महाविद्यालयीन मुलांना तेव्हापासून एक हक्काचे ठिकाण मिळाले, पण मध्ये रेल्वे आहे. पुठ्ठ्याचे पंख, फोमची तलवार आणि शिरस्त्राण घेऊन स्लीपर डब्यात शिरणाऱ्याला आधी टीसीला नव्हे, खालच्या बर्थवरच्या आजीबाईंना उत्तर द्यावे लागते. ‘हाई काय शे रे भो?’ या प्रश्नाला ‘दुसऱ्या विश्वातला योद्धा आहे’ हे उत्तर पुरत नाही, कारण लगेच योद्ध्याचे गाव आणि आडनाव विचारले जाते. चाळीसगावपर्यंत योद्ध्याला घरची कळण्याची भाकरी आणि ठेचा मिळालेला असतो. मनमाडपर्यंत शिरस्त्राण आजीबाईंच्या नातवाच्या डोक्यावर असते आणि कल्याणपर्यंत ते परत मिळवण्याच्या वाटाघाटी चालतात. मुंबईत पोचलेल्या पोशाखाचे परीक्षण करणाऱ्यांना हा पूर्वेतिहास ठाऊक नसतो, म्हणून पंख वाकडे का, असले प्रश्न ते विचारतात.

या सर्व लक्षणांचा पूर्ण विकास पाहायचा तर धुळ्याहून आग्रा रोडने पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला मालेगावात जावे लागते. मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे, असा आक्षेप येईल. ते १८६९ पर्यंत खानदेश जिल्ह्यातच होते. सरकारने नवा जिल्हा काढताना हलवले, आणि सुपरमॅनसारख्या विषयात महसुली हद्द किती ताणायची याला मर्यादा आहे. मालेगाव यंत्रमागांचे गाव. मागावर आठवडाभर राबणाऱ्याला शुक्रवारी सुट्टी आणि सुट्टीला सिनेमा, असा तिथला शिरस्ता. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांना वाटले की लोक इतके सिनेमे पाहतात तर एखादा करावाही. २००० साली ‘मालेगाव के शोले’ तयार झाला, खर्च पन्नास हजारांच्या घरात. गब्बरच्या डाकूंना घोडे परवडत नव्हते, म्हणून ते सायकलींवरून आले. घोड्यापेक्षा सायकल चालवणारा डाकू अधिक कष्टाळू दिसतो आणि चढावर त्याच्याबद्दल थोडी सहानुभूतीही वाटते, हा मूळ ‘शोले’त नसलेला पैलू इथे प्रकट झाला.

पुढची उडी ‘मालेगाव का सुपरमॅन’ची होती. इथे एक योगायोग नोंदवला पाहिजे. सुपरमॅन निर्माण करणाऱ्या दोघांपैकी चित्रकार जो शुस्टर हा शिंप्याचा मुलगा आणि लेखक जेरी सीगल याच्या वडिलांचे कपड्यांचे दुकान. म्हणजे जगातला सर्वांत बलवान पुरुष मुळात कापडाच्या धंद्यातल्या घरांतून निघाला होता. सत्तर वर्षे अमेरिकेत घालवून तो मालेगावला आला, तेव्हा गावात दिवसरात्र मागांचा खडखडाट चालू होता. परका प्रदेश असा त्याला वाटला नसावा.

सुपरमॅनचे काम शेख शफीक या मागावरच्या कामगाराने केले. मूळ सुपरमॅनची छाती पोशाखात मावत नाही. शफीक पोशाखात पुरेपूर मावून वर जागा उरे. अंगावरची चड्डी, खाली लोंबणारी नाडी आणि पाठीवरचा लाल झगा या अवस्थेत तो उभा राहिला की हा माणूस जग वाचवील की वाऱ्याने जाईल, हे सांगता येत नसे. नेमके इथेच मालेगावकरांचे शास्त्र बरोबर होते. जो दगड उचलू शकतो त्याने दगड उचलणे यात अद्भुत काही नाही. हॉलीवूडने प्रत्येक नवा सुपरमॅन आधी वर्षभर व्यायामशाळेत घालून गोष्टीतला चमत्कार काढून घेतला. मालेगावात उडण्यासाठी हिरवे कापड ताणून नायकाला आडवा टांगला आणि मागचे आकाश संगणकावर चढवले. कॅमेरा सरकवायला सायकल आणि उंच न्यायला बैलगाडी. छायाचित्रण चालू असताना कॅमेरा पाण्यात पडला, तेव्हा त्याला सुपरमॅनने वाचवले नाही, दुरुस्तीवाल्याने वाचवले.

फैजा अहमद खान यांनी या खटाटोपावर २००८ साली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि तो देशोदेशीच्या महोत्सवांत गेला. भारतातल्या थिएटरांत तो २०१२ साली लागला. शफीक त्याआधीच, २०११ मध्ये, तोंडाच्या कर्करोगाने गेला. त्याच मुलखात पुढे यूट्यूबचे दिवस आले. मालेगावच्याच दुसऱ्या एका शफीकचा, शफीक नाट्याचा, ‘छोटू दादा’ खानदेशी विनोद म्हणून कोट्यवधी वेळा पाहिला जाऊ लागला. त्यात परग्रह नाही आणि झगाही नाही, पण अंगापेक्षा पात्र मोठे घेण्याची गावाची सवय तीच आहे.

मग मुंबईने दखल घेतली. रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ सप्टेंबर २०२४ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये थिएटरांत आला. नासिर झाले आदर्श गौरव, शफीक झाले शशांक अरोरा. टोरंटो हे शुस्टरचे जन्मगाव, तिथेच त्याच्या वडिलांची शिलाई चाले. आता हा मामला कुठवर आला ते पाहावे. अमेरिकन कॉमिक्सवर सिनेमा, त्या सिनेमाची मालेगावी नक्कल, त्या नकलेवर माहितीपट आणि त्या खऱ्या घटनेवर पुन्हा सिनेमा. या शेवटच्या सिनेमाच्या वेषभूषाकाराची अडचण आधीच्या कोणालाही आली नव्हती. मालेगावच्या शिंप्याने हाताशी असलेल्या कापडातून, घाईत, अंदाजाने शिवलेला पोशाख जिथे ढगळ होता तिथेच ढगळ, आणि नाडी जेवढी लोंबत होती तेवढीच लोंबती ठेवून, मुंबईच्या शिंप्याकडून माप घेऊन नीट शिवून घ्यायचा होता.